वाड्यातून ले-आउटमध्ये

आपल्या मंडळाला चाळीस वर्षे झाली. त्या निमित्ताने स्मरणिका निघणार असे ठरताच संपादिकाबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही जुन्या. आपल्या वस्तीचा इतिहास तुम्हीच लिहून द्या." मी हसले. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा, लढायांचा. आपल्या ले-आउटला कसला आला आहे इतिहास! परंतु त्या गेल्यावर ट्रंक उघडून प्लॉटचे जुने कागद काढून बसले, आणि दुपारची तीन कधी वाजली ते समजलेच नाही. तेव्हा भगिनींनो, जमेल तसे लिहिते. गोड मानून घ्या.

माझा जन्म महालातला. भल्या थोरल्या वाड्यातल्या दोन खोल्यांचे आमचे बिऱ्हाड. आड एक, अंगण एक, आणि बिऱ्हाडे नऊ. गोंडराजा बख्तबुलंद शहाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसविले, पुढे भोसल्यांनी ते वाढविले, आणि त्यांच्या वाड्याभोवती महालाची वस्ती दाटत गेली. १८५३ साली राज्य खालसा झाले. १८६७ साली आगगाडी आली. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पोटासाठी माणसे येतच राहिली आणि जागा मात्र तेवढीच. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथी आल्या, तेव्हा घरे सोडून लोक शिवारात झोपड्या बांधून राहिले. माझी आजी सांगे की, वाड्यात उंदीर मेला की मोठी माणसे एकमेकांकडे नुसती पाहत आणि बायका न बोलता भांडी बांधू लागत. मोकळ्या हवेत राहावे, दोन घरांमध्ये अंतर असावे, ही ओढ नागपूरकरांना त्या भीतीतूनच लागली असे मला वाटते.

सीताबर्डीच्या किल्ल्यापलीकडे, पश्चिमेस, शहर पसरू लागले ते त्याच सुमारास. आज आपण जिला धंतोली म्हणतो तिचे नाव तेव्हा क्रॅडॉक टाउन होते. १९०७ ते १९१२ या काळात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर असलेल्या क्रॅडॉकसाहेबांचे ते नाव. पुढे रामदासपेठ, धरमपेठ, शंकरनगर. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपल्या तोंडचा 'ट्रस्ट', स्थापन झाला. आधी रस्ते, नाल्या, बगीच्याची जागा, आणि मग प्लॉट, अशी ट्रस्टची रीत. लक्ष्मीनगरच्या रस्त्यांवरून सायंकाळी चालताना ती रीत अजून दिसते. आमच्या लहानपणी धरमपेठेत राहणारी मैत्रीण म्हणजे अगदी साहेबाची मुलगी वाटे. तिच्या घराला फाटक होते!

१९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरचे राजधानीपण गेले. कचेऱ्यांतील कितीतरी कुटुंबे भोपाळला गेली, कितीतरी मुंबईला. आमच्या वाड्यातली नवापैकी तीन बिऱ्हाडे त्या वर्षी उठली. माझे वडील राहिले. गावाला ओहोटी लागली असे सारे म्हणत, परंतु तसे काही झाले नाही. हिंगण्याची औद्योगिक वसाहत झाली, अंबाझरीचा शस्त्रास्त्रांचा कारखाना झाला, १९६० साली अभियांत्रिकीचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय निघाले, आणि हे सारे आपल्याच बाजूला, पश्चिमेस. कामाला इकडे येणाऱ्या माणसाला महाल-इतवारीहून सायकल हाकत येणे जड जाऊ लागले. ट्रस्टच्या योजनेतला प्लॉट मिळणे कठीण आणि त्याची रक्कम आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. मग उरले काय? शेत.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्या सुनांना व मुलींना हे ठाऊक नसते. आपण ज्या जमिनीवर राहतो ती भामटी आणि परसोडी या मौजांची. आपल्या कागदांवर अजूनही मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका लिहिलेला असतो, तो याच गावांचा. पूर्वी ही गावे मालगुजारीची. १९५० चा कायदा होऊन १९५१ साली मालगुजारी संपली आणि कसणाराच्या हाती जमीन आली. ती पुरती पंचवीस-तीस वर्षेही त्याच्याकडे राहिली नाही. शहर जवळ येताना दिसू लागले. त्यातच १९७६ साली नागरी जमीन धारणेचा कायदा झाला. मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकारजमा होईल ही धास्ती पसरली आणि गृहनिर्माण संस्था म्हणवणारी मंडळी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. त्यांनी शेत घेतले, निळ्या कागदावर रेघा मारल्या, त्या रेघांना रस्ते म्हटले आणि चौकोनांना प्लॉट. मंजुरी कोणाचीच नाही. सारे काही स्टँपपेपरवर.

आमच्या ह्यांनी १९७९ साली असा एक चौकोन घेतला. दीड हजार चौरस फूट, तीन रुपये फुटाने, साडेचार हजारांना. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. जागा दाखवायला मला सायकलवर घेऊन आले. बजाजनगर ओलांडले, प्रतापनगर ओलांडले, डांबर संपले, आणि पुढे नुसते तुरीचे शेत. ह्यांनी एका खुंटीकडे बोट करून म्हटले, "हे आपले स्वयंपाकघर." मी म्हटले, "आणि पाणी?" त्यावर ते काही बोलले नाहीत.

पाणी होते ते त्या शेताच्या विहिरीला. १९८३ साली दोन खोल्या बांधून आम्ही राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला अकरा घरे होती. वीज पुढच्या वर्षी आली. नळ यायला कितीतरी वर्षे लागली. काळी माती. पाऊस पडला की टोंगळाभर चिखल. मुलांचे शाळेचे जोडे पिशवीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी न्यायचे आणि तेथे पाय धुऊन जोडे घालायचे, असा क्रम पावसाळाभर चाले. चिखलात रुतून चप्पल गमावली नाही अशी एकही जुनी बाई आपल्या वस्तीत सापडायची नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर, झाड एक नाही. खिडकीला वाळ्याचा ताटा लावून त्यावर पाणी मारावे तर तेही विहिरीचेच ओढायचे.

ती विहीर ज्या घराची, त्या घरची म्हातारी भामटीच्या गावठाणात राही. आम्ही तिला माय म्हणत असू. शेत विकले गेले होते, तरी तिची म्हैस पाण्यावर याच विहिरीवर येई. आम्ही शहरातल्या बायका बादल्या घेऊन प्रथम गेलो, तेव्हा संकोचाने विचारले, "माय, पाणी घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या नं पोरी. पाणी काय माह्या बापाचं हाय?" रहाटाला दोर कसा टाकावा हेही तिनेच शिकविले. आम्ही वाड्यातल्या, पण आडावर पाणी ओढणारी मोलकरीण असे.

एकदा ती माझ्या ओट्यावर बसून चहा पिताना म्हणाली, "पोरी, तुह्या चुलीच्या जागेवर आमची तूर राहे. लय पिके." मी सहज विचारले, एकर कितीला गेला. म्हणाली, सात हजार. रात्री मी ह्यांच्याजवळ हिशेब मांडला. एकराचे चौरस फूट ४३,५६०. रस्ते आणि मोकळी जागा सोडून सव्वीस हजार फूट विकायला उरले असे धरले, तरी तीन रुपये दराने अठ्ठ्याहत्तर हजार होतात. सात हजारांचे अठ्ठ्याहत्तर हजार! मधले कोठे गेले ते तिला ठाऊक नव्हते, आम्हांलाही नव्हते. माझ्या पाटल्या गेल्या म्हणून मी हळहळत होते. त्या दिवसापासून ते बोलणे मी बंद केले.

आता मंडळाविषयी. १९८५ साली माझ्या ओसरीवर अकरा जणींनी भिशी सुरू केली. तीच मंडळाची सुरुवात. महिना दहा रुपये. पुढे भिशीबरोबर शिवण, वाळवणाच्या शेवया-सरगुंडे, मुलांचा तान्हा पोळा, महालक्ष्म्यांना एकमेकींच्या घरी मदत, असे वाढत गेले. नागपुरात बायकांनी संस्था चालविण्याची परंपरा काही आजची नाही. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी सीताबर्डीवर मातृसेवा संघ काढला. कमलाताई बालविधवा; परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी बाळंतपणात मरणाऱ्या बायकांसाठी प्रसूतिगृह उभे केले. शंकरनगरच्या एल. ए. डी. कॉलेजचे मूळ १९३२ चे. या मोठ्या कामांपुढे आमची भिशी म्हणजे समुद्रापुढे वाटी. असो.

आणि तरीही एक गोष्ट येथे लिहिलीच पाहिजे, स्मरणिकेत शोभली नाही तरी. १९८६ च्या संक्रांतीला आम्ही पहिले हळदीकुंकू केले. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत सतरंज्या घातल्या. साऱ्या नटूनथटून बसलेल्या. इतक्यात माय म्हशीला घेऊन पाण्यावर आली. ती विधवा. आम्हांला पाहताच तिने पदर ओढला, म्हैस वळवली आणि नाल्याकडून लांबच्या वाटेने गेली. तिचेच शेत, तिचीच विहीर, त्याच विहिरीच्या पाण्यात आम्ही वाणासाठी आणलेले ऊस आणि बोरे धुतली होती. कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. सर्वांत मोठी असूनही बोलले नाही, म्हणून लिहीत आहे.

१९९१ सालचा भाद्रपद मात्र साऱ्या जुन्या सभासदांना आठवत असेल. पुरुष कामावर गेल्यावर, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चार माणसे चुन्याची पोती घेऊन आली आणि विहिरीभोवतीच्या मोकळ्या जागेत रेघा आखू लागली. विचारले तर म्हणाले, येथे सहा प्लॉट आहेत, संस्थेने विकले आहेत, विहीर बुजवायची आहे. आम्ही पाच-सहा जणी तेथेच उभ्या राहिलो. भांडण आम्हांला येत नव्हते. कोपऱ्यावरच्या वहिनी घरी धावत गेल्या आणि शालूच्या घडीतून एक निळा नकाशा घेऊन आल्या. प्लॉट विकताना संस्थेने दिलेलाच तो नकाशा. त्यात विहिरीभोवतीचा चौकोन 'मोकळी जागा' म्हणून दाखविला होता. ले-आउटचा सुमारे दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो, हे त्या दिवशी आम्हांला प्रथम कळले. ती माणसे नकाशा पाहून गेली, पण खुंट्या तशाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा. आमच्या विदर्भात त्या दिवशी भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणतात, हे सांगायला नको. त्या वर्षी आम्ही घरोघरची भुलाबाई बंद करून एकच भुलाबाई विहिरीजवळ मांडली. पडदी उभारली, मातीची भुलाबाई आणि भुलोजी आत बसविले, आणि रोज सायंकाळी वस्तीतल्या साऱ्या मुली तेथे. चुन्याच्या रेघांवर रांगोळ्या आल्या. खिरापत ओळखायला मुलांची एवढी गर्दी की, खुंट्या कधी उपटल्या गेल्या ते कोणालाच सांगता आले नाही. (मला सांगता येईल, परंतु तो मुलगा आता मोठ्या हुद्द्यावर आहे.) दिवसा आम्ही सह्या गोळा केल्या. त्रेचाळीस सह्या झाल्या, त्यांपैकी एकोणतीस बायकांच्या. अर्ज, नकाशाची प्रत आणि सह्या घेऊन चौघी जणी बसने कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, पोच दिली आणि म्हणाला, "बाई, ही पोच जपून ठेवा. कागद तुम्हांला वाचवील." ती पोच मंडळाच्या पहिल्या वहीत डकवलेली आहे; वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ठेवणार आहोत.

मायचा अंगठाही आम्हांला त्या अर्जावर हवा होता. ती म्हणाली, "एक अंगठा देला, वावर गेलं. आता नाही देत." आम्ही आग्रह केला नाही. परंतु त्या महिन्यात ती रोज सायंकाळी येऊन पडदीमागे बसे आणि आम्हांला ठाऊक नसलेली भुलाबाईची गाणी मुलींना सांगे.

तो वाद पुष्कळ वर्षे भिजत पडला. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अनधिकृत ले-आउटना नियमित करण्याची वाट निघाली. एकट्या नागपुरात ५७२ आणि १९०० असे ले-आउटचे दोन गट वर्तमानपत्रांतून गाजत होते. तेव्हा आपण काही एकटेच फसलेले नव्हतो. डिमांड नोट, विकास शुल्क आणि मग ते आरएल पत्र! ज्या घरात आरएल आले त्या घरी पेढे वाटले जात, जणू नातूच झाला. आणि वस्तीचा नकाशा नियमित होताना विहिरीचा चौकोन मोकळी जागा म्हणूनच राहिला.

परंतु ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष मधल्या काळात गेला त्यांचे हाल विचारू नका. कोपऱ्यावरच्या वहिनींचे यजमान १९९७ साली अचानक गेले. प्लॉट एकट्या त्यांच्या नावावर, तोही स्टँपपेपरवर. विक्रीपत्र झालेलेच नाही. संस्थेचा सचिव गाव सोडून गेलेला. ज्या बाईने नकाशा सांभाळून साऱ्या वस्तीची जागा राखली तिचीच जागा धोक्यात. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे, दीरांची संमती, कराच्या पावत्या, अशा कागदांमागे तिने सहा वर्षे घालविली. पाळी लावून आमच्यापैकी एक जण रोज तिच्याबरोबर जात असे. २००३ साली तिचे पत्र आले. त्यानंतर मंडळाने ठराव केला की, प्रत्येक सभासदेने घराचे कागद स्वतः वाचावेत आणि घरावर आपले नाव लावून घ्यावे. काही यजमान रुसले. रुसोत बापडे.

वहिनी विधवा झाल्या, त्यापुढच्या संक्रांतीला त्या आल्या नाहीत. म्हणजे आम्ही बोलावलेच नव्हते. तेव्हा मला १९८६ ची ती वळलेली म्हैस आठवली. सभेत मी म्हटले, ज्या बाईच्या नकाशामुळे आपल्याला बसायला ही जागा मिळाली तीच येथे नसेल, तर मीही नाही. वादावादी पुष्कळ झाली. दोन जणींनी मंडळ सोडले, त्यांतील एक पुढे परत आली. १९९८ पासून आपल्याकडे साऱ्या बायकांचा तिळगूळ होतो. त्या पहिल्या तिळगुळाला वहिनी आल्या. मायला बोलवायला मी स्वतः गावठाणात गेले. ती नाही आली. पाय चालत नव्हते. तिळगूळ मात्र घेतला. पुढच्या वैशाखात ती गेली.

पुढचे तुम्हां साऱ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. डांबर आले, गडरलाइन आली, नळ आले. दोन खोल्यांच्या जागी तीन-तीन मजले आले. २०२० च्या जानेवारीत सुभाषनगरावरून मेट्रो धावू लागली आणि जेथे मी मुलांचे पाय धूत असे तेथून अर्ध्या तासाच्या आत सीताबर्डी गाठता येऊ लागली. दिवाळीला मुले पुण्याहून, बंगलोरहून येतात आणि म्हणतात, आई, किती जवळ आहे हो आता सारे! खरे आहे. पण घरांची फाटके दुपारी बंद असतात. पूर्वी दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर निघालेल्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया हिंगण्याकडून पायी जाताना आपल्या ओट्यांवर टेकत आणि पाणी मागत. आता टेकायला ओटाच उरला नाही. त्यासाठी चौकात मंडळाचे पाण्याचे टेबल आपण लावतो, ते चालू राहावे.

२०१९ च्या जुलैत पेंचचा साठा संपत आला आणि आठवड्यातून तीन दिवस नळ बंद राहू लागले, तेव्हा विहिरीची पुन्हा आठवण झाली. तोवर तिच्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकून आपणच तिची दशा केली होती. सतरा जणींनी वर्गणी काढून गाळ उपसला. आत एक पितळी गडू सापडला. कोणाचा ते ओळखता आले नाही. पाणी लागले, वापरायला पुरले. आणि २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटेच्या मुसळधार पावसाने अंबाझरीचा तलाव ओसंडला व नाग नदी घरांत शिरली, तेव्हा अंबाझरी ले-आउटमधल्या माझ्या नणंदेचे बिऱ्हाड आठ दिवस आपल्याकडे होते. तिच्या घरी छातीइतके पाणी होते. धरमपेठेच्या बाजूची ती पहिल्या प्रतीची वस्ती, तिचा आम्हांला लहानपणी केवढा हेवा! मंडळाने त्या चार दिवसांत तिकडे पोळ्या पाठविल्या. नणंद विहिरीच्या कठड्यावर बसून ओले कागद एकेक करून वाळवीत होती. तिचे विक्रीपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नातले फोटो. त्यांवर दगड ठेवायला मायची पणती मदत करीत होती. ती आता आपल्या मंडळाची सभासद आहे, बँकेत नोकरीला आहे, आणि विहिरीच्या जाळीची किल्ली तिच्याकडे असते.